शंभर कौल

मोहखोऱ्याची गावदेवी गेलं वर्षभर कोणालाच नाही म्हणत नव्हती, आणि याबद्दल गावात कोणाची तक्रार नव्हती. देव प्रसन्न असला की त्याची चौकशी कोणी करत नाही. चौकशी सुरू झाली ती साईनाथ पष्टे या सातवीच्या गणित शिक्षकामुळे, आणि तीही त्याने केली नाही. त्याने फक्त संभाव्यता शिकवली.

हे सगळं क्रमाने सांगितलेलं बरं, कारण गावात ते चार तऱ्हांनी सांगतात आणि चारही तऱ्हांत शेवटी चूक साईनाथचीच निघते.

तर आधी कौल. गावाबाहेरच्या राईत, मोहाच्या आणि आंब्याच्या दाट सावलीत, गावदेवीची कमरेएवढी शेंदरी शिळा आहे. घरात मोठा प्रश्न आला की तिथे जायचं. धोंडीबाई नावाची म्हातारी देवीची पूजा बघते. ती जास्वंदीच्या दोन ओल्या पाकळ्या घेते, एक शिळेच्या उजव्या अंगाला चिकटवते, एक डाव्या. मग प्रश्न सांगायचा आणि हात जोडून बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर हो. डावी आधी पडली तर नाही. इतकं सोपं सरकारी काम तालुक्यात दुसरं नाही.

साईनाथला या देवीकडून एक हो हवाच होता. त्याचं असं झालं की समीक्षा ग्रामपंचायतीत संगणकावर बसून दाखले काढून द्यायची. साईनाथ वाशिंदहून बदलून आला तेव्हा त्याला रहिवासी दाखला लागला. सर्व्हर बंद असल्यामुळे तो मिळायला नऊ खेपा झाल्या, आणि दहाव्या खेपेला दाखला हातात पडला तेव्हा साईनाथला फार वाईट वाटलं. त्यानंतर त्याने मिळतील तेवढे सगळे दाखले मागून पाहिले. अल्पभूधारक असल्याचा दाखला मागितला तेव्हा समीक्षाने जमीन किती ते विचारलं. साईनाथने नाही म्हणून सांगितलं. तिने थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि सर्व्हर बंद असल्याचं सांगून त्याला उद्या यायला सांगितलं. सर्व्हर चालू होता. मागे पडद्यावर साईनाथला तो दिसत होता.

पुढे वाशिंदहून साईनाथच्या आईवडिलांनी फोनवर लग्नाचं बोलणं केलं. समीक्षाचे वडील गणूतात्या म्हणाले, "आमची काय हरकत नाय, गुरुजी. पन देवीला इचारल्याबगार आमी म्हस पन घेत नाय." या वाक्यात आपली जागा म्हशीच्या आधी की नंतर, यावर साईनाथ घरी जाऊन बराच वेळ छताकडे बघत पडला होता. कौलासाठी शिमग्यानंतरचा दुसरा मंगळवार ठरला. घरमालक कमळू, जो साईनाथला खोलीबरोबर सल्लेही फुकट देत असे, त्याने खांद्यावर हात ठेवून सांगितलं की घाबरायचं कारण नाही, देवी वर्षभर नुसती हो बोलतेय, त्याच्या पोल्ट्रीला सुद्धा हो बोलली.

आता संभाव्यता. मुरबाडला शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. मार्गदर्शक म्हणाले की गणित मुलांना परकं वाटता कामा नये, परिसरातली उदाहरणं घ्या. साईनाथ त्या वेळी खिडकीतून एका ढगाकडे बघत होता. ढगाचा आकार सारखा बदलत होता आणि त्यात एकदा म्हैस दिसून गेली होती. तरीपण त्याने वहीत 'परिसर' एवढा शब्द लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. प्रशिक्षणातून माणसाने नेमकं काय आणावं याला काही नियम नाही.

शाळेत आल्यावर त्याने मुख्याध्यापक भोईर सरांकडे फासे मागितले. भोईर सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि ती त्यांना कुठल्याही घटनेशिवाय काढायची होती. फासे म्हणजे जुगार, ते म्हणाले. उद्या कोणी फोटो काढला तर? पत्ते तर नावसुद्धा काढू नका. साईनाथने मुलांना घरून नाणं आणायला सांगितलं. मोहखोऱ्यात हल्ली दुकानावर फोन दाखवून चहा-साखर मिळते, त्यामुळे अकरा मुलांच्या वर्गात तीन नाणी आली, त्यातलं एक आजोबांनी जपलेलं, मधे भोक असलेलं. त्याची छाप कोणती आणि काटा कोणता यावर वर्गात मतभेद झाले. लुडो माहीत आहे का विचारलं तर सगळ्यांना माहीत होता, पण तो फोनवरचा. त्यात सहा पाहिजे असेल तर जाहिरात बघावी लागते, असं रितेशने समजावून सांगितलं. संभाव्यतेच्या शास्त्रात जाहिरातीला जागा नाही. साईनाथ फळ्यासमोर खडू धरून उभा राहिला. खिडकीबाहेर सिद्धगड निळसर धुक्यात बसला होता, वाऱ्यावर मोहाच्या फुलांचा गोड वास येत होता, आणि त्याच्या डोक्यात कुठूनसा तो दोन रेघा मारलेला शब्द आला.

"आपल्या गावदेवीचा कौल घ्या," तो म्हणाला.

वर्ग एकदम जागा झाला. साईनाथही झाला. त्याने फळ्यावर लिहिलं: एकूण शक्यता दोन, उजवं आणि डावं. हो यायची संभाव्यता एक भागिले दोन. इतकं सुंदर उदाहरण त्याच्या आधी कोणाला सुचलं नसेल, या विचाराने त्याला जरा भरून आलं.

पहिल्या बाकावरची जिवली हात वर करून उभी राहिली. जिवली ही प्रश्न पडल्याशिवाय न जेवणारी मुलगी होती. दोन शक्यता आहेत हे तिला पटलं होतं. पण त्या दोन्ही सारख्याच, हे गुरुजींना कोणी सांगितलं, एवढंच तिला विचारायचं होतं.

साईनाथ म्हणाला, तसं समजायचं असतं. पुस्तकात त्याला समसंभाव्य म्हणतात.

"देवीचं आपन कसं समजायचं?" जिवली म्हणाली.

इथे साईनाथला काहीही बोलता आलं असतं. भूक लागलीय का, असं विचारता आलं असतं. घंटा व्हायला चारच मिनिटं होती. पण गणिताचे शिक्षक वर्षानुवर्षं जे बोलत आले आहेत तेच तो बोलला. तो म्हणाला, "मग करून बघा."

मुलांनी करून बघितलं. मोठी माणसं गृहपाठ देतात ती तो होणार नाही या भरवशावर देतात, हे सातवीच्या मुलांना अजून माहीत नसतं. अकरा जणांनी मधली सुट्टी आणि शाळा सुटल्यानंतरची संध्याकाळ वाटून घेतली आणि चार दिवसांत शंभर कौल लावले. धोंडीबाईंनी हरकत घेतली नाही. शाळेचं काम आहे म्हणताना त्यांनी स्वतः पाकळ्या भिजवून दिल्या, आणि देवीला सारखं एकटं बसून कंटाळा येतो, चार पोरं आली तर बरंच, असं वर सांगितलं.

अडचण अशी होती की कौल नुसता लावता येत नाही. प्रश्न लागतो. शंभर कौलांना शंभर प्रश्न लागले. राईत दुपारी इतकी शांतता असते की पाकळी पडलेली ऐकू येते, आणि तशा शांततेत मुलांना जे जे मनात येईल ते त्यांनी विचारलं. जिवलीच्या वहीत ते सगळं ओळीने लिहिलेलं आहे. रितेशच्या आजीचा दात परत येईल का? हो. सिद्धगडावर जायला लिफ्ट होईल का? हो. भातसा धरणाचं पाणी मुंबईला जाताना वाटेत आपल्याकडे थांबेल का? हो. ढगावर बसता येईल का? हो. गणिताचा पेपर सोपा असेल का? नाही. गुरुजींच्या लग्नाचं मात्र कोणी विचारलं नाही. तो मोठ्यांचा प्रश्न आहे, त्यात आपण पडायचं नाही, असा निर्णय जिवलीने दिला होता.

शंभरपैकी उजवे ब्याण्णव. डावे आठ.

साईनाथने तक्ता बघितला, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितला. त्याला पहिल्यांदा वाटलं ते असं की आपल्या वर्गाने चार दिवसांत शंभर नोंदी ठेवल्या, एकही खोटी नाही. त्याला अभिमान वाटला. अभिमान वाटला की माणूस पुढचा विचार करत नाही. त्याने तो तक्ता पिवळ्या कार्डशीटवर काढून घेतला, आणि भोईर सरांनी तो न वाचताच लोकसहभागाच्या रकान्यात काहीतरी दाखवता येईल म्हणून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला पाठवला. फलकावर काही लावायचं तर आवक क्रमांक लागतो. समीक्षाने तो दिला आणि खाली गोल शिक्का मारला. अशा रीतीने देवी ब्याण्णव टक्के हो म्हणते हे शासकीय कागदावर आलं.

पहिले दोन दिवस लोकांनी फलक नुसता वाचला. तिसऱ्या दिवशी ग्रामसभा भरली.

ग्रामसभेचा विषय पाणीपुरवठा होता, पण पाण्यावर कोणी आलंच नाही. गेल्या वर्षभरात कोणी कोणी काय काय विचारलं होतं ते एकेक जण आठवू लागला. सोयरिकी अकरा, सगळ्या हो. त्यातल्या दोघांना आधीपासूनच वाटत होतं की काहीतरी गडबड आहे, ते एकदम ताठ बसले. एका बोअरवेलला देवीने हो सांगितलं होतं, तिच्यातून तीनशे फुटांवर नुसती धूळ आली. कमळूचा चुलतभाऊ हो मिळाल्यावर पंचायतीच्या निवडणुकीला उभा राहिला होता. त्याला तीन मतं पडली. घरात मतं पाच होती. तो विषय त्या घरात अजून मिटलेला नव्हता आणि आता नव्याने निघाला.

मग सगळ्यांनी साईनाथकडे बघितलं. उभं राहून चार शब्द बोलणं भाग होतं. साईनाथ म्हणाला की देवीबद्दल त्याला काही म्हणायचं नाही, पण दोन शक्यता सारख्या असतील तर शंभरात ब्याण्णव येणं फार अवघड आहे, म्हणजे कुठेतरी एका बाजूला झुकतं माप आहे. झुकतं हा शब्द त्याने सहज वापरला होता. पण सभेत पाठीमागे बसलेला कमळू जागच्या जागी हलला. लोकांनी ते बघितलं. लोक बघतातच.

गेल्या वर्षी राईत देवीभोवती नवी फरशी बसवली होती, ती कमळूने. पोल्ट्रीच्या शेडमधून उरलेल्या लाद्या होत्या, त्याने देवीची सेवा म्हणून स्वतःच्या हाताने लावल्या. लाद्या बसवायला शिळा जागची हलवावी लागली, ती त्याने काढून पुन्हा फरशीवर बसवली. आता लादी लावायची तर पाणी निघायला उतार द्यावा लागतो, हे कोणाही गवंड्याला विचारा. न्हाणीला देतात, पोल्ट्रीला देतात, कमळूने देवीलाही दिला. उजवीकडे.

"चूक नाय ती," कमळू सभेत उभा राहून म्हणाला. "उतार हाय."

सगळी सभा उठून राईत गेली. कमळूनेच शिळेच्या बाजूला ओळंबा धरला, कारण ओळंबा त्याच्याकडेच होता. दोरीला बांधलेला लोखंडी गोळा थोडा वेळ हेलकावला आणि थांबला. दोरी सरळ होती. देवी तीन बोटं उजवीकडे कलली होती. उजव्या अंगावर पाकळी टिकायला जागाच नव्हती. डाव्या अंगावर तर ती झोपून राहिली असती. मोहाचं एक फूल टप्पकन फरशीवर पडलं आणि उताराने गडगडत कोपऱ्यात गेलं. कमळूचं काम चोख होतं यावर त्या क्षणी सगळ्यांचं एकमत झालं.

देवी सरळ करायची, हे ठरलं. पण देवीला हात लावायचा तर देवीची परवानगी पाहिजे. परवानगी कौलाने घेतात. कौल लावला तर ती हो म्हणणार. पण ती हो म्हणाली तर ते खरं धरायचं कसं, कारण ती कललेली आहे म्हणूनच हो म्हणतेय. कोणीतरी सुचवलं की मग उलटा प्रश्न विचारा: तुला असंच तिरकं ठेवायचं का? उलटा प्रश्न विचारला. त्यालाही हो आलं. आता देवीला सरळ व्हायचं होतं आणि तिरकंही राहायचं होतं. सगळे पुन्हा साईनाथकडे वळले. एकीकडे कागद काढून तो खरोखरच गणित मांडू लागला होता, दोन कौल मिळून चार शक्यता वगैरे. त्याला ते इतकं देखणं वाटत होतं की आपण कुठे उभे आहोत ते तो थोडा वेळ विसरला. पानांतून उन्हाचे गोल ठिपके कागदावर पडले होते, वारा आला की ते अंकांवरून सरकत होते.

धोंडीबाईंनी त्याच्या हातातला कागद काढून घेतला आणि चार घड्या घालून कमरेला खोचला.

"आय तिरकी बसलीय, तर उशी लावाची का इचारत बसाचं?" त्या म्हणाल्या.

चौघांनी शिळा उचलून धरली, कमळूने खाली दगडाची चपटी चीप सारली, शिळा ओळंब्याच्या दोरीला समांतर आली. पाच मिनिटांचं काम. देवी सरळ झाली.

घरी जाताना कमळू साईनाथच्या बरोबरीने चालत होता. शेवटी तो बोलला ते अतिशय सहानुभूतीने. "गुरुजी, ह्ये संभाव्यता मंगळवारच्या नंतर शिकवता नसती आली?"

साईनाथ वाटेतच थांबला. तोपर्यंत त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. शंभरात ब्याण्णव. आणि आता एक भागिले दोन. आपल्या हाताने, आपल्या खडूने, अकरा मुलांना कामाला लावून त्याने बेचाळीस कौल गमावले होते.

पुढचे पाच दिवस मोहखोऱ्यात त्याच्याशी सगळे हळू आवाजात बोलत होते. ज्यांच्या सोयरिकी झाल्या होत्या ते जास्त हळू. दुकानावर, पाणवठ्यावर, जो भेटेल तो बाजूला घेऊन सल्ला देत होता. डाव्या पाकळीला पाणी जास्त लावा. उजवीकडे जून पाकळी घ्या, ती लवकर सुकते. पंख्याने वारा घालायला एक माणूस उजवीकडे उभा करा, आमचा भाऊ मोकळाच आहे, त्याला तीन मतं पडलीत. साईनाथ सगळ्यांना नाही म्हणत होता. मुलांना निःपक्षपाती प्रयोग शिकवून आपणच पाकळीला फसवायचं, हे त्याच्याने होणार नव्हतं. शिवाय जिवली बघायला येणार होती.

त्यात भोईर सरांनी पत्र काढलं. पाठ्यपुस्तकात एक द्वितीयांश दिलेलं असताना आपल्या शाळेत ब्याण्णव कसे आले, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा. साईनाथने खुलासा लिहिला: देवी कललेली होती. भोईर सरांनी तो परत पाठवला, 'देवी' शब्द टाळून पुन्हा लिहा. साईनाथने लिहिलं: साधन कललेलं होतं. मग साधन देखभालीची नोंदवही मागवण्यात आली.

सोमवारी तो खुलाशाची प्रत काढायला ग्रामपंचायतीत गेला. समीक्षा एकटीच होती. पडद्यावर एक गोल चक्र फिरत होतं, दोघं थोडा वेळ त्या चक्राकडे बघत बसले. कधी कधी माणसांना एकत्र बघायला काहीतरी लागतं, आणि तेवढ्याने होतं. शेवटी साईनाथने घसा साफ करून तिला वस्तुस्थिती सांगितली. उद्या दोनच गोष्टी होऊ शकतात, हो किंवा नाही, म्हणून अर्धी शक्यता आहे.

"हा सर्व्हर पन दोनच गोष्टी करतो," समीक्षा म्हणाली. "चालतो नायतर नाय चालत. मग काय अर्धा टाइम चालतो व्हय?"

साईनाथ चक्राकडून तिच्याकडे वळला. चार वर्षांची पदवी आणि मुरबाडचं प्रशिक्षण मिळूनही हे इतक्या थोडक्यात त्याला कोणी सांगितलं नव्हतं. घरी जाऊन त्याने वहीत ते उतरवून घेतलं, आणि तिच्याशी लग्न झालं नाही तर आपल्या आयुष्यात गणिताचं फार नुकसान होईल, असंही त्याच्या मनात आलं.

मंगळवारी सकाळी दहाला अर्धा गाव राईत होता. गणूतात्या धोतर नेसून, त्यांची बायको शकूकाकू नवं लुगडं नेसून. वाशिंदच्या मंडळींनी फोन चालू ठेवा म्हणून सांगितलं होतं, म्हणून तो एका दगडावर उभा करून ठेवला होता. कमळूही अंघोळ करून, टोपी घालून आला होता. त्याला दुसऱ्या शेडबद्दल विचारायचं होतं. साईनाथचं झालं की लगेच त्याचा नंबर. जिवली वहीत नवं पान काढून बसली होती. वर तिने लिहिलं होतं: देवी सरळ, कौल पहिला.

धोंडीबाईंनी पाकळ्या पाण्यातून काढल्या. त्या सकाळीच उमललेल्या जास्वंदीच्या होत्या, जाड, लालभडक, बुळबुळीत. एक उजवीकडे, एक डावीकडे. गणूतात्यांनी प्रश्न सांगितला. सगळ्यांनी हात जोडले.

पाकळ्या पडल्या नाहीत.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. साईनाथ दोन्ही पाकळ्यांकडे आळीपाळीने बघत होता आणि दोन्हींना सारखाच वेळ देत होता, पक्षपात नको म्हणून. अर्ध्या तासाने लोकांचे हात खाली आले. पाऊण तासाने पाठी झाडांना टेकल्या. राईत पाखरांनी बोलणं सोडलं. ऊन पानांतून गाळून येत होतं, मोहाचा वास डोळ्यांवर बसत होता, आणि एकेक माणूस बसल्या बसल्या डुलक्या घेऊ लागला. दगडावरच्या फोनमधून वाशिंदच्या कोणाचं तरी घोरणं येत होतं. साईनाथला वाटलं की आपण हे सगळं वरून, झाडाच्या शेंड्यावरून बघतोय: खाली एक शेंदरी ठिपका, त्यावर दोन लाल ठिपके, आणि भोवती झोपलेला गाव. घाई कोणालाच नाही. त्याला स्वतःलाही नाही, हे बघून त्याला आश्चर्य वाटलं. या राईत असंच बसून राहायला मिळालं तर वाशिंदला जाण्याची आपल्याला तशी काहीच गरज नाही.

"गुरुजी," जिवली कुजबुजली, "तिसरा रकाना काढू का? न पडलं, असा."

साईनाथने मान हलवली. एकूण शक्यता दोन, असं त्याने फळ्यावर लिहिलं होतं. ते पुसावं लागणार होतं.

दीड तासाने धोंडीबाई उठल्या. गुडघ्यांवर हात टेकून देवीला जवळून बघितलं, आणि मग लोकांकडे तोंड केलं. देवी घरातल्यांची मतं जुळत नसली तरच बोलते, त्या म्हणाल्या. जुळत असली तर ती मधे पडत नाही, तिला कामं आहेत. ती गप्प आहे म्हणजे आधी घरात सगळ्यांना विचारून झालंय का ते बघा. त्यांनी गणूतात्यांना विचारलं, त्यांचं हो होतं. शकूकाकूंचं हो होतं. फोनला विचारलं, फोन दचकून जागा झाला आणि हो म्हणाला. साईनाथने इतक्या जोरात मान हलवली की चष्मा घसरला.

मग धोंडीबाई मागे आंब्याच्या बुंध्याशी बसलेल्या समीक्षाकडे वळल्या. "तुझं काय हाय गो?"

"मला वाटला माझं धरूनच चाललंत," समीक्षा म्हणाली.

"धरून कसा चालंल? कोनी इचारला नाय तुला?"

समीक्षाने वडिलांकडे बघितलं, मग साईनाथकडे. गणूतात्या धोतराचा काठ सारखा करू लागले. साईनाथ आठवू लागला. रहिवासी दाखला मागितला होता. अल्पभूधारकाचा मागितला होता. उत्पन्नाचा, वयाचा, चारित्र्याचा. हे एक सोडून सगळं मागितलं होतं.

तो उठून उभा राहिला. अर्धा गाव आता पूर्ण जागा होता. साईनाथ म्हणाला, "मग मी विचारतो. चालेल का तुम्हाला?"

समीक्षाने उत्तर द्यायला वेळ घेतला. सर्व्हरसुद्धा इतका वेळ घेत नसे. "मी वाशिंदला नाय येनार," ती शेवटी म्हणाली. "हितंच ऱ्हानार. दाखले कोन काढंल?"

साईनाथ म्हणाला की त्याला चालेल. झाडाच्या शेंड्यावरून तो हेच बघत होता, हे त्याने सांगितलं नाही.

"मग माझं हो," समीक्षा म्हणाली, आणि पदराने वारा घेऊ लागली.

बायकांनी साखर वाटली. गणूतात्या साईनाथला पाठीवर थापटून दमले. फोनमधून सगळे एकदम बोलू लागल्यामुळे काहीच ऐकू येत नव्हतं. आणि या सगळ्या गोंधळात, कोणी बघत नसताना, डावी पाकळी सुटली.

ती फरशीवर पडली तेव्हा थोडाच आवाज झाला असेल. पण राई राईच ती. सगळ्यांनी ऐकला. साखर भरलेल्या तोंडांनी सगळे वळले आणि फरशीवरच्या त्या लाल तुकड्याकडे बघत उभे राहिले. साईनाथला आपल्या छातीतून काहीतरी उताराने गडगडत जाताना जाणवलं. उजवी पाकळी जागच्या जागी होती.

धोंडीबाई वाकल्या. पाकळी उचलून त्यांनी निरखून बघितली, पदराला पुसली आणि रांगेत पुढे उभ्या असलेल्या कमळूच्या हातावर ठेवली.

"घे," त्या म्हणाल्या. "तुझा झाला."

"माझा?" कमळू म्हणाला. "मी इचारलाच नाय अजून."

"मनात व्हता ना?"

कमळूने तोंड उघडलं. मनात नव्हतं असं म्हणायचं तर देवीसमोर म्हणावं लागलं असतं. त्याने तोंड मिटलं. दुसऱ्या शेडसाठी आखून ठेवलेली जागा, पाण्याची टाकी, आतला उतारसुद्धा, सगळं त्याच्या चेहऱ्यावरून एकेक करून जाताना दिसलं. मग त्याने पाकळी टोपीत ठेवली आणि टोपी डोक्यावर घातली.

जिवली वही घेऊन साईनाथजवळ आली. नोंद कोणाच्या नावावर करायची, हे तिला कळत नव्हतं. प्रश्न आधी विचारायचा, निष्पत्ती नंतर, आणि आलेली निष्पत्ती मागाहून कोणाच्या माथी मारायची नाही, हे गुरुजींनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. ते तिने लिहूनही घेतलं होतं.

साईनाथने एकदा समीक्षाकडे बघितलं, एकदा कमळूकडे. मग खाली बघत म्हणाला, "लिही. डावं. कमळूकाका."